पंखा बंद करा रे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका मुलाच्या टी-शर्टवर ठळक अक्षरांत छापलेलं दिसलं : ‘पंखा बंद करा रे’. खाली बारीक टाइपात, ‘मानपाडा २०११’.

दोनदा वाचलं. मग न राहवून विचारलं, “हे काय आहे?”

“हे? बेस म्युझिकवाल्यांचं आहे, मॅम.” त्याने एका कानावरचा हेडफोन बोटभर सरकवला. तेवढीच मेहेरबानी. “डबस्टेप वगैरे. तुम्हाला नाही कळणार.”

तो पाचव्या मजल्यावर उतरला. मी सातव्यावर जाऊन टेबलाशी नुसती बसून राहिले.

ज्या दुपारी हे वाक्य उच्चारलं गेलं त्या दुपारी मी तिथे होते. नुसती होते असं नाही, वाजवत मी होते. डोंबिवलीत मानपाड्याला एमआयडीसीत चांगदेवमामांचा गाळा होता, प्लास्टिकची बुचं बनायची तिथे. रविवारी गाळा बंद. महिन्यातून एखाद्या रविवारी शटर अर्धं ओढून आम्ही तिथे डबस्टेप, म्हणजे जड बेसचं संगीत, लावायचो : मी, साकेत आणि राजरत्न. चांगदेव हे राजरत्नचे मामा, म्हणून जागा मिळायची. ऐकायला वीसेक माणसं. पण ऐकणारी.

त्या दिवशी मी वाजवलं ते राजरत्नने स्वतः, घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेलं होतं. त्यात ड्रॉपच्या आधी, म्हणजे तो खालचा सूर छातीवर कोसळायच्या आधी, सगळे आवाज गळून पडतात आणि क्षणभर पोकळी राहते. नेमकी त्या पोकळीत दाराशी उभी असलेली त्याची आई, शकूकाकू, ओरडली, “पंखा बंद करा रे...” पुढचं ड्रॉपखाली बुडालं. स्टँडचा पंखा होता, बेस लागला की त्याची जाळी खडखडायची. साकेत फोनवर रेकॉर्ड करत होता. ते त्याने पुढे कधीतरी नेटवर टाकलं. झालं एवढंच.

चौदा वर्षांनी ते एका पोराच्या छातीवर आहे, आणि मला ते कळणार नाही.

५ नोव्हेंबर

पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं.

‘मानपाडा ट्यून’ नावाने नेटवर या चाहत्यांनी एक पान चालवलंय. साकेतच्या त्या फाटक्या रेकॉर्डिंगवर हजारोंनी चर्चा. गाणं कुणाचं याचा शोध चालू आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या कुणा गोऱ्याचं, असं बहुमत दिसलं. डोंबिवलीत कुणी काही बनवू शकेल हे डोंबिवलीकरांनाही सुचलेलं नाही. ‘पंखा बंद करा रे’ हा गाण्याचाच भाग आहे याबद्दल मात्र एकाच्याही मनात शंका नाही. एकाच्या मते तो जुन्या नाटकातला संवाद. दुसऱ्याने लांबलचक लिहिलंय की पंखा म्हणजे यंत्रसंस्कृती, आणि ती बाई पर्यावरणाबद्दल बोलते आहे. पुढचं अर्धं वाक्य काय असेल यावर स्वतंत्र भांडण. त्या ओळीला सगळ्यांनी हात वर करून हवेत बटण दाबायचं अशीही पद्धत पडली आहे. पंधरा-पंधरा सेकंदांचे व्हिडिओ, त्यात पोरं ओळीने उभी राहून अदृश्य पंखे बंद करतायत. तोंडं मात्र आरतीला उभं राहिल्यासारखी.

या संगीताच्या चाहत्यांसारखी बिनबुडाची जमात दुसरी नसेल. आम्ही सुरुवात केली तेव्हा दोन ठोक्यांमधल्या शांततेला मान होता. मग एका वर्षात लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत नेल्यासारखे आवाज आले, आणि अंगात आल्यासारखी माना झुलवणारी गर्दी आली. ती दोन वर्षांनी डबस्टेप मेलं म्हणत दुसरीकडे गेली, तिथून तिसरीकडे. आता दाढीत पांढरे केस घेऊन तेच परत आलेत, ‘जुना साउंड परत आला’ म्हणत. तो कुठे गेलाच नव्हता, बाबांनो, तुम्ही गेला होतात. आणि नवी पोरं कानात घालायचे बोळे मंगळसूत्रासारखे गळ्यात मिरवतात. गाण्यातला ड्रॉप तेवढा काढून घेतात, पोळीतलं पुरण चाटून पोळी फेकावी तसं.

बारा वर्षांत मी कुठे वाजवलेलं नाही. कान असलेलं कुणी उरलं नाही म्हणून.

त्या पानावर रोज कुणीतरी लिहितं : नाव सांगा, प्लीज. मूळ फाइल माझ्याकडे आहे, राजरत्न सोडला तर फक्त माझ्याकडे. आमच्यात रीतच होती. बाहेर न आलेलं गाणं बनवणारा एकाच्याच हाती द्यायचा, आणि ज्याला मिळालं त्याने ते जपायचं. कुणी नाव विचारलं तर हसायचं, सांगायचं नाही. चारचौघांत गेलं की गाण्याचं पाणी होतं. राजरत्नने ते मला दिलं. मी जपलं.

नाही सांगत जा.

८ नोव्हेंबर, शनिवार

साकेतने ठाण्याला बोलावलं. घोडबंदर रोडला काचेचं कॉफीचं दुकान, तिथे खुर्च्या अशा की बसलं की उठता येत नाही. साकेत आता कार्यक्रम भरवतो. दर दुसऱ्या वाक्यात ‘कम्युनिटी’ म्हणतो.

“हेमा, तू अगदी तश्शीच आहेस.”

“तू नाहीस.”

“टोमणे पण तेच! बरं ऐक. वीस डिसेंबर, शनिवार. दुपारी चारपासून. सगळी बेसवाली मंडळी. तू साडेपाचला वाजवायचंस. आणि मानपाडा ट्यून लावायची. ओरिजिनल.”

“तुझ्या पोस्टरसाठी?”

“अगं, लोकांना हवी आहे.”

“लोकांना उद्या दुसरं काहीतरी हवं असेल.”

“म्हणून तर आज दे ना!”

सोबत एक मुलगी होती, उर्वी. ठाण्याचीच, चोवीस-पंचवीसची, केसांची टोकं निळी. ते पान हीच चालवते. शिवाय ते रेकॉर्डिंग ऐकून ऐकून हिने अख्खं गाणं पुन्हा नव्याने बनवलंय म्हणे.

“ताई, ते मी इतक्यांदा ऐकलंय की मध्ये कोण खोकतं ते पण मला पाठ आहे,” ती म्हणाली.

खोकणारी मी होते. सांगितलं नाही.

तिने हेडफोन पुढे केले. ऐकलं. सूर जवळपास बरोबर धरलेत, तेवढं कबूल केलं पाहिजे. पण पंख्याच्या जाळीची खडखडसुद्धा तिने घेतली आहे! मोजून तालात बसवली आहे!

“हा आवाज गाण्यात नाही,” मी म्हटलं. “तो पंखा आहे. बिघडलेला.”

तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, “पण तो काढला ना ताई, की गाणं उघडंउघडं वाटतं.”

मी हेडफोन काढून तिच्या हातात दिले.

साकेतने निघताना सांगितलं, तू नाही दिलंस तर शेवटी उर्वीचं लावू. ‘मूळ कलाकार अज्ञात’ असं लिहू. विचार करते म्हटलं. विचार करण्यासारखं काही नाही, पण असं म्हटलं की लोक गप्प बसतात.

९ नोव्हेंबर, रविवार

आईला सगळं सांगितलं. तिला हे संगीत म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर हलवतंय असं वाटतं. तिचं सगळं आयुष्य नाट्यसंगीतात गेलं. तरी ऐकत होती.

“तुमच्यात वन्स मोअर असतो का गं?”

असतो, म्हटलं. लोक भिंती बडवतात, आणि मग वाजवणाऱ्याने गाणं तिथेच थांबवून मागे घ्यायचं, पहिल्यापासून लावायचं. आम्ही त्याला ‘मागे घेणं’ म्हणायचो.

“मग त्या मुलाच्या गाण्याला मिळाला होता?”

मिळाला होता. शटर असं बडवलं होतं की शेजारच्या गाळ्याचा वॉचमन धावत आला. पण मी मागे घेतलं नाही, लगेच पुढचं लावलं. माझा नियम होता : आपल्यातल्या माणसाच्या गाण्याला मागे घ्यायचं नाही. आपणच आपली पाठ थोपटल्यासारखं होतं ते. हलकं वाटतं.

आई वाती वळत होती. म्हणाली, “वन्स मोअर आला आणि नटाने घेतला नाही, तर लोकांना काय वाटतं माहीत आहे? नट रागावलाय.”

“मी नट नव्हते, आई.”

“तेच म्हणते. नट तो. त्याला काय वाटलं असेल?”

तिला या संगीतातलं खरंच काही कळत नाही.

१५ नोव्हेंबर

उर्वीचे रोज निरोप. आज बोलून पाठवला होता. “ताई, नाव नका सांगू, चालेल. फक्त एवढं सांगा, तो माणूस आहे ना अजून? म्हणजे... त्याला माहीत आहे ना, की आपण एवढे सगळे ऐकतो?”

‘आपण’ म्हणे.

मी लिहिलं : ‘त्याला असल्या गोष्टींशी काही देणंघेणं नाही.’

पाठवल्यावर आठवत बसले. राजरत्नशी शेवटचं बोलले ते त्याच्या लग्नात, तेही मांडवातल्या गोंगाटात. नंतर तो खडवलीला राहायला गेला. पण माणूस एकदा ओळखला की ओळखला. ज्याने ती पोकळी सोडली, तो असल्या झुंडीला तोंड देणार नाही.

खडवलीला जाऊन त्याचा नकार घेऊन येते. म्हणजे साकेतचं तोंड बंद होईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

खडवलीला गेले होते. नदीवर सहलीची गर्दी, गाड्यांच्या डिक्क्या उघड्या टाकून त्यातून धडधड चाललेली. पाण्याच्या काठावर येऊन माणसं पाण्याचा आवाज बुडवतात.

राजरत्नचं घर गावाच्या आतल्या अंगाला. तो कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, पोट सुटलंय, चष्मा लागलाय. शकूकाकू ओट्यावर वाल सोलत होत्या. मला पाहून उठल्याही नाहीत.

“कोण गं? हेमा का? वाट चुकलीस?”

मी राजरत्नला ते पान दाखवलं, अंगावरचा चट्टा डॉक्टरांना दाखवावा तसं. त्याने फोन हातात घेतला. एक व्हिडिओ पाहिला, दुसरा पाहिला, मग चष्मा कपाळावर चढवून अगदी डोळ्यांजवळ धरून पाहत राहिला. मी चिडण्याची वाट पाहत होते. तो हसत होता. आधी ओठांतल्या ओठांत, मग मोठ्याने.

“आई, इकडे ये. ही बघ, पोरं तुझी नक्कल करतायत.”

काकूंनी वालाचे हात पदराला पुसले. “हा माझा आवाज? मी एवढी कर्कश आहे?”

“याहून कर्कश आहेस. हे फोनवर रेकॉर्ड केलेलं.”

“आणि हे सगळे बटण कुठलं दाबतायत?”

“पंख्याचं.”

“येड लागलं काय यांना?” काकू म्हणाल्या, पण फोन परत दिला नाही.

मी विचारलं की त्या पुढे काय म्हणाल्या होत्या. “आता काय आठवतंय बाई, चौदा वर्षं झाली. मी दिवसाला शंभरदा ओरडते.”

“राजरत्न, तुला चीड नाही येत?” मी म्हटलं.

“कशाची?”

“त्यांना काही कळत नाही. पंख्याची खडखड तालात धरली आहे त्या मुलीने.”

“खरंच?” त्याचे डोळे चमकले. “लाव बघू.” ऐकलं, आणि मांडीवर ठेका धरला. “भारी आहे की! हे मला सुचायला हवं होतं.”

मग त्याने सहज विचारलं, “म्हणजे तुझ्याकडे आहे अजून ते?”

“आहे ना. जपून ठेवलंय.”

“माझी हार्ड डिस्क उडालेली, लग्नाच्या आधीच. मला वाटलं, गेलं ते.”

“मग विचारायचं नाहीस का?”

तो फोनकडेच पाहत होता. “मला वाटलेलं तुला आवडलं नाही. शटर एवढं वाजलं आणि तू पुढचं लावलंस.”

हा काय मूर्खपणा! आवडलं नसतं तर चौदा वर्षं सांभाळलं असतं का? मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने पूर्ण ऐकून घेतला.

“असेल नियम,” तो म्हणाला. “मला कोणी सांगितला नव्हता.”

काकू वालाचं टोपलं घेऊन आत निघाल्या होत्या. दारात थांबल्या. “म्हणजे पोराने दिलेली वस्तू हिने कपाटात ठेवली, आणि पोराला वाटलं हिने फेकून दिली. त्यानंतर याने कधी गाणं केलं नाही बघ. शिकलेल्या माणसांची तऱ्हाच न्यारी, बाई. आम्ही एकमेकांना शिव्या तरी देतो.”

नकार मिळालाच नाही. उलट, वाजव, आणि माझं नाव टाकायला सांग, म्हणाला. आणि टी-शर्ट मिळेल का. दोन. एक आईच्या मापाचा.

घरी येऊन साकेतला ‘वाजवते’ असं कळवलं, राजरत्नचं नावही. मग राजरत्नला फाइल पाठवली. एवढीशी तर फाइल. बटण दाबायला इतका वेळ का लागला कळत नाही.

२५ नोव्हेंबर

राजरत्नचा निरोप आला : ‘दहा वेळा ऐकलं. बेस जरा जास्तच ठेवलेला मी. आईला पण ऐकवलं. ती म्हणते, हे एवढं नीट होतं होय?’

तो बदललाय. त्याच्यात आणि त्या पोरांच्यात आता मला काही फरक दिसत नाही. चाहते माणसाला असे बिघडवतात, आणि याला तर ते अजून भेटलेही नाहीत.

मीही आज ऐकलं. आधी वाटायचं, हे ऐकणारी मी एकटी. आज खडवलीतही कुणीतरी ऐकतंय हे माहीत असताना ऐकलं. वेगळं काही वाटलं नाही. तरी अर्ध्यावर बंद केलं.

१० डिसेंबर

साकेतचं पोस्टर आलं. ‘मानपाडा ट्यून, प्रथमच मूळ स्वरूपात.’ खाली माझं नाव. त्याखाली ‘मूळ कलाकार अज्ञात’.

ताबडतोब फोन केला. “मी तुला राजरत्नचं नाव कळवलं होतं.”

“हो, बघितला मेसेज. मला वाटलं त्याला गेस्ट लिस्टमध्ये टाकायचंय. थांब, थांब. आपला राजरत्न? त्याने बनवलंय ते?”

“मग कुणी?”

साकेत म्हणाला, “अगं, मी इतकी वर्षं समजत होतो ते तुझंच आहे. लोक विचारतात म्हणून ‘अज्ञात’ टाकलं. तुला आपलं गूढ ठेवायला आवडतं, म्हणून.”

“मी कधी म्हटलं माझं आहे?”

“नाही म्हटलंस. पण नाहीये, असं पण कधी नाही म्हटलंस.”

कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, यात न कळण्यासारखं काय आहे? ही साधी गोष्ट त्याला तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज मला आवडला नाही, म्हणून थांबले. नाव बदल, नाहीतर मी वाजवणार नाही, असं बजावून फोन ठेवला.

संध्याकाळी नवं पोस्टर आलं. राजरत्नचं नाव माझ्या नावाच्या वर आहे. टाइप मोठा आहे. मी पट्टी लावून पाहिलं नाही, पण मोठा आहे.

१९ डिसेंबर

उर्वीने टी-शर्ट आणून दिले. राजरत्नबद्दल कळल्यापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. “खडवली! ताई, माझी आत्या टिटवाळ्याला राहते! मी दर सुट्टीत जाते! बाजूलाच होते ते!” तिच्या डोळ्यांत पाणी. गोरा नाही निघाला याचं दुःख करणारेही काही आहेत पानावर. त्यांना हिने असं झोडपलंय की मी दोनदा वाचलं. वाक्यरचना भिकार, पण मारा अचूक.

आईने विचारलं, “उद्या मागे घेणार का?”

“नियम आहे, आई.”

“तुझाच ना?” ती म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.

२१ डिसेंबर, रविवार

काल वाजवलं.

हॉल ठाण्यातलाच, लग्नांचा. एरवी जिथे स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात तिथे माझं टेबल. समोर पोरंच पोरं, गळ्यात बोळे, हातात फोन. माझ्या पहिल्या दोन गाण्यांना निम्मी गर्दी भेळपुरीच्या स्टॉलवर होती. एकाने पुढे येऊन ओरडून सांगितलंही, “आँटी, मानपाडा कब?” मी त्याच्याकडे पाहिलं. तो मागे गेला. एवढं मला अजून जमतं.

राजरत्न उजवीकडे खांबाला टेकून उभा होता. शकूकाकूंनी साडीवरून टी-शर्ट चढवला होता. स्वतःचं वाक्य छातीवर घेऊन त्या स्टेजच्या कडेला खुर्चीत बसल्या होत्या, लग्नातल्या वरमाईसारख्या. उर्वीने गळ्यातले बोळे काढून त्यांच्या कानात घातले. म्हणजे त्या बोळ्यांचा उपयोग होतो तर.

मग ते लावलं.

पहिल्या सुराला फोन वर गेले. मला वाटलं, झालं, आता पंधरा सेकंदांचं पीक कापणार. पण फोन एकेक करून खाली आले. त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

त्या पोकळीचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. मूळ फाइलमध्ये ती स्वच्छ आहे, त्यात कुणी नाही. इतकी वर्षं घरी हेडफोन लावून मी त्या जागी थांबायचे, आणि तिथे कधीच कुणी नसायचं. काल आवाज गळून पडले आणि त्या स्वच्छ जागेत सगळा हॉल एका तोंडाने ओरडला, “पंखा बंद करा रे!” सगळ्यांचे हात वर, सगळ्यांनी बटण दाबलं. आणि ड्रॉप आला. लग्नाच्या हॉलची झुंबरं किणकिणली.

हे सगळं हास्यास्पद आहे, हे मी शंभरदा लिहून ठेवलंय. काल समोरून ते आलं तेव्हा मला एक पाऊल मागे सरावं लागलं.

मग भिंती वाजायला लागल्या. यांना कुणी शिकवलं माहीत नाही. शटर नव्हतं, तर पोरं पुढचा लोखंडी कठडा बडवत होती, मागे कुणी दारं बडवत होतं. मी पुढचं गाणं तयार ठेवलं होतं, बोट त्यावर होतं. सहज उजवीकडे पाहिलं. राजरत्न माझ्याकडे पाहत नव्हता. खाली पाहत होता, पायाच्या अंगठ्याकडे. त्या रविवारीही तो तसाच उभा होता, शटरशेजारी. ते तेव्हा माझ्या डोळ्यांना दिसलं होतं, असं काल आठवलं.

मी गाणं थांबवलं, मागे घेतलं.

हॉल एकदम बंद पडल्यासारखा झाला. पुढचं एक पोर ओरडलं, “गेली! सिस्टीम गेली!” उर्वीने त्याच्या डोक्यात टपली मारली, “गप ए! मागे घेतलंय ताईंनी!” आणि मग जो काही गोंधळ झाला! राजरत्नने मान वर केली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला.

पहिल्यापासून लावलं. पुन्हा तेच सूर, पुन्हा ती पोकळी. पुन्हा सगळा हॉल, “पंखा बंद करा रे!”

आणि माझ्या डावीकडून, चौदा वर्षांपूर्वी होती त्याच पट्टीत, खुर्चीतून अर्धवट उठून, एक हात स्टॉलच्या दिशेने करून शकूकाकू ओरडल्या,

“भेळ उडतेय!”

माझ्या टेबलावरच्या माइकने ते उचललं आणि सगळ्या हॉलवर ओतलं. त्यावर ड्रॉप आला. अर्धी पोरं हसत होती, अर्धी रडत होती, नाचत सगळीच होती.

नंतर काकूंना गराडा पडला. त्या समजावून सांगत होत्या : “अरे, वीस माणसांची भेळ घेऊन गेलते मी. कागदावर वाढून ठेवलेली. तो मेला पंखा फिरला की कुरमुरे सगळे बुचांच्या पोत्यावर. म्हणून म्हटलं, पंखा बंद करा. स्टॉल दिसला आन आठवलं बघ.”

यंत्रसंस्कृती नाही, पर्यावरण नाही. कुरमुरे. पोरं हे वेदवाक्य असल्यासारखं ऐकत होती. एक जण तर फोनवर लिहून घेत होता.

राजरत्न जाताना म्हणाला, “उर्वी म्हणतेय, नवीन काहीतरी कर. खडखडीवरच. बघतो.” आणि वळता वळता, “केलं तर तुला पाठवतो.”

“मला एकटीला नको पाठवूस,” मी म्हटलं.

घरी आले तर आई जागीच होती. “मिळाला वन्स मोअर?”

“मिळाला. माझा नव्हता.”

“घेतलास ना पण?”

“घेतला.”

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी लिफ्टमध्ये तोच मुलगा. तोच टी-शर्ट. आज हेडफोन गळ्यात होते आणि बोलायला कुणीतरी हवं होतं.

“मॅम, तुम्ही विचारलेलं ना त्या दिवशी? याची पुढची लाइन सापडली. ‘भेळ उडतेय’! मी जाऊ नाही शकलो यार, ड्युटी होती. पण व्हिडिओ बघितला, काटा आला.”

“कोण म्हणालं ते?”

“शकूकाकू,” तो म्हणाला, जन्मापासून त्यांच्या मांडीवर खेळल्यासारखा.

“आणि गाणं कुणाचं?”

“राजरत्न सरांचं. खडवलीचे आहेत. आपल्या इकडचेच, सेंट्रल लाइन!”

मला हे विचारायचं नव्हतं, पण विचारलं. “आणि वाजवलं कुणी?”

त्याने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे, भुवया जवळ घेऊन.

“होत्या कोणीतरी. अंधारात नीट दिसल्या नाहीत. पण त्यांनी मागे घेतलं ना मॅम, म्हणून तर काकूंना बोलता आलं.” मग मला वाईट वाटू नये म्हणून त्याने मागे घेणं म्हणजे काय ते नीट समजावून सांगायला घेतलं. बरंचसं चुकीचं.

पाचवा मजला आला. दार उघडलं, त्याचं सांगणं अर्धंच झालं होतं. मी बटण दाबून दार उघडं धरून ठेवलं.